मागच्या फटीत कोण आहे?

पत्रलेखक ३६ वर्षांचे आहेत. मूळचे सांगलीचे. सहावी पास झाल्यावर आईवडिलांबरोबर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला आले, तिथे शाळा-कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळले आणि पुढे नोकरी सांभाळून अकरा वर्षं प्रौढांच्या हौशी लीगमध्ये खेळत राहिले. वजन ३२५ पौंड, म्हणजे साधारण १४७ किलो. जागा नोज टॅकल: बचावफळीच्या ऐन मधोमध, समोरच्या सेंटरच्या नाकासमोर. जुन्या संघाची रचना ३-४ होती आणि सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या फटी सांभाळणं हे त्यांचं काम होतं. गेल्या वर्षी नोकरीमुळे ओहायोला यावं लागलं. नव्या संघाची रचना ४-३. इथे प्रत्येक लाइनमनने एकच फट धरायची आणि चेंडू हलताच तिच्यातून आत घुसायचं. २९ वर्षांचे कोच "थांबू नका, जा!" म्हणून ओरडत राहिले आणि पाच सामन्यांनंतर त्यांच्या जागी २३ वर्षांचा मुलगा आला. ते लिहितात: "अकरा वर्षं जे शिकलो ते इथे चूक ठरतंय. वयामुळे मंदावलोय का? की हे लोक मला वाया घालवतायत? माझ्या पद्धतीने खेळू द्या असं कोचना सांगू का? बायको म्हणते, आता पुरे. नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, बाबा बाकावर का बसलेत? येत्या मंगळवारी नव्या हंगामाचा पहिला सराव आहे. काय करू?"

तुमच्या पत्रात कंसात टाकलेली एक ओळ मी सारांशात मुद्दाम घेतली नाही. "(मी गेलो तर दुसरी फट उघडी पडते ना.)" तुमची अडचण मला वयापेक्षा आणि वजनापेक्षा या ओळीत जास्त दिसते, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगायला हवं. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाचे पाच धिप्पाड गडी एका रांगेत उभे असतात. मधे सेंटर (चेंडू मागे देऊन डाव तोच सुरू करतो), त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर आणि गार्ड यांच्यामधली फट 'ए', गार्ड आणि टॅकल यांच्यामधली 'बी', टॅकलच्या बाहेरची 'सी'. चेंडू घेऊन पळणारा रांगेतून आला तर यांपैकीच कुठून तरी येणार, म्हणून बचावाच्या संघाला प्रत्येक फटीला माणूस लावावा लागतो. ३-४ म्हणजे पुढे तीन लाइनमन आणि त्यांच्या मागे चार लाइनबॅकर. ४-३ म्हणजे पुढे चार आणि मागे तीन. माणसं दोन्हीकडे सातच. कोणती फट कोणाची, ही वाटणी मात्र बदलते.

तुम्ही अकरा वर्षं केलेलं काम या खेळातल्या सगळ्यांत कष्टाच्या कामांपैकी आहे. सेंटरच्या छातीवर दोन्ही पंजे रोवायचे, कोपरं ताठ करून त्याला हातभर लांब धरायचं, त्याच्या खांद्यावरून चेंडूची दिशा बघायची आणि पळणारा ज्या बाजूला वळेल त्या बाजूला सेंटरला झटकून टाकायचं. बहुतेक वेळा गार्डही मदतीला धावून येतो, म्हणजे तीनशे-तीनशे पौंडांची दोन माणसं अंगावर. ती तुम्ही अडवून धरलीत की मागचा लाइनबॅकर मोकळा होऊन गडी पाडतो आणि नाव त्याचं होतं. अकरा वर्षं हे निमूटपणे करणाऱ्याला "तुम्ही थांबता" असं दोष म्हणून ऐकवलं तर ते लागणारच. थांबणं हीच तुमची कामगिरी होती.

आता वयाचं बघू. ३६ व्या वर्षी पाय २६ सारखे नसतात, हे खरंच आहे. पण तुम्ही उशिरा पोचता त्याचं कारण पाय आहेत की अजून काही, हे तुम्ही तपासलेलं नाही. तुम्ही ते गृहीत धरलंय. तपासणं अवघड नाही. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन असतं. सरावाच्या मैदानावर कुणालाही समोर न घेता पंधरा-वीस वेळा नुसता स्टार्ट घ्या आणि बाजूने चित्रीकरण करा. चेंडू हलल्यापासून तुमचा जमिनीवरचा हात उचलेपर्यंत किती फ्रेम जातात आणि दुसरं पाऊल पडेपर्यंत किती, हे मोजून कागदावर लिहा. मग समोर सेंटर आणि गार्ड उभे करून तेच करा. दोन्ही वेळी आकडे सारखेच मोठे आले, तर पाय आणि वजन यांचा विचार करावा लागेल. एकट्याने घेतलेला स्टार्ट चपळ असेल आणि माणूस समोर आला की दुसरं पाऊल अडत असेल, तर पाय ठीक आहेत. तुम्ही वाट बघताय.

माझा अंदाज दुसऱ्या बाजूचा आहे. तो कशावरून, ते सांगतो.

मी सोळा वर्षं इथल्या एका हायस्कूलमध्ये दिवसा गणित शिकवलं आणि संध्याकाळी बचावफळीतल्या मुलांना तयार केलं. एका वर्षी दुसऱ्या शाळेतून बारावीला आलेला एक दांडगा मुलगा आमच्याकडे आला, तुमच्यासारखाच दोन फटींवर वाढलेला. आमच्याकडे त्याला एकच फट होती. महिनाभर मी त्याला "लवकर, लवकर" म्हणून पिदडलं. एका शुक्रवारचा सामना सोमवारी वर्गाच्या भिंतीवर लावून बघत होतो. चेंडू हलल्यानंतरच्या क्षणाला मी चित्र थांबवलं आणि त्याच्या उजव्या पायाकडे बघत राहिलो. टाच उचललेली, गुडघा पुढे, आणि पाऊल जमिनीपासून चार बोटं वर तसंच लटकलेलं. डोळे गार्डच्या हेल्मेटवर. पुढच्या प्रसंगात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. मी विचारलं, "इथे तू काय करतोयस?" तो म्हणाला, "कोच, मी गेलो तर ती दुसरी बाजू कोणाची?"

चूक माझी होती. त्याची फट कोणती, हे मी त्याला फळ्यावर काढून दाखवलं होतं. उरलेल्या फटी कोणाच्या, हे कधी दाखवलंच नव्हतं. बचावातल्या बाकीच्यांची कामं त्याला कशाला हवीत, असं मला वाटायचं. दुसऱ्या दिवशी त्याला रांगेतून काढलं आणि पाच यार्ड मागे, मधल्या लाइनबॅकरच्या शेजारी उभं केलं. तोच खेळ हळू चालीने आठ-दहा वेळा चालवला. प्रत्येक वेळी लाइनमन आत घुसला की लाइनबॅकर रिकाम्या झालेल्या 'ए' फटीत जाऊन भिडायचा. पाचव्या-सहाव्या वेळी त्या लाइनबॅकरनेच त्याच्या पाठीवर थाप मारून फटीकडे बोट दाखवलं, "ही माझी." त्या आठवड्यापासून ते लटकलेलं पाऊल खाली पडायला लागलं. मी त्याचा पाय सुधारला नव्हता.

म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्ही आता सेंटरच्या एका खांद्यासमोर उभे राहता, बाजूची 'ए' फट तुमची. पलीकडची 'ए' कोणाची? बहुतेक ४-३ मध्ये ती मधल्या लाइनबॅकरची असते. पण मला बहुतेकांचं नको, तुमच्या संघाचं हवं. त्या गड्याचं नाव काय? तो वेगाने येतो की चाचपडत? तो तुमच्या डावीकडून भरतो की उजवीकडून? तुमच्या तीन पानी पत्रात कोच आहेत, तो २३ वर्षांचा मुलगा आहे, जुन्या संघातले सहा जण नावानिशी आहेत. तुमच्या मागे उभा राहणारा लाइनबॅकर कुठेच नाही.

तुम्ही सांगलीला सहावीपर्यंत शाळेच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर होतात, असं लिहिलंय. मग तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही, आठवण करून देतो. कोपरा उतावीळ असून चालत नाही. चढाईवाला बोनसला पाय टाकेपर्यंत किंवा वळेपर्यंत दम धरायचा, आणि मग घोटा. वाट बघायची तुमची सवय नोज टॅकलच्याही आधीची आहे. पण घोट्याला एकदा हात घातला की तुम्ही मागे वळून बघत होतात का? कव्हरवरचा गडी धडक मारायला येणारच, हे तुम्ही धरून चालायचात. तो नसता आला तर चढाईवाल्याने तुम्हाला फरपटत मध्यरेषेपर्यंत नेलं असतं, आणि तरी तुम्ही हात घातलात, कारण रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर त्याच मातीत खेळत होतात. नव्या संघात तुमच्याकडे चपळाईपेक्षाही हे कमी पडतंय. पाच सामन्यांत ते होतही नसतं, त्यात स्वतःला बोल लावू नका.

जुन्या रचनेत दोन्ही फटी तुमच्याच असल्यामुळे दुसऱ्यावर विसंबायची वेळच फारशी येत नव्हती. तो एका अर्थाने सुरक्षित खेळ होता. नव्या रचनेत जागा सोडून जाणं हेच काम आहे, आणि तुम्ही अर्धवट गेलात तर दुहेरी नुकसान होतं: तुमच्या फटीत तुम्ही नीट नसता, आणि तुम्ही गेलात असं समजून लाइनबॅकर दुसरीकडे भिडलेला असतो. कोच ओरडतात ते त्यासाठी. त्यांची ओरडण्याची पद्धत मला पसंत नाही, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

"अकरा वर्षं शिकलेलं चूक ठरतंय" हे मात्र मला मुळीच मान्य नाही. फक्त क्रम बदलतोय. पूर्वी आधी हात, मग नजर, मग पाऊल होतं. आता आधी पाऊल, वाटेत हात, आणि नजर धावता धावता. हात तेच राहतात. तेवीस वर्षांच्या मुलाला पंजे छातीवर, बगलेच्या आत कसे रोवायचे हे अजून यायचं असेल. तुम्हाला ते झोपेतही जमतं. उभं राहण्यात मात्र बदल करा. दोन्ही पाय समांतर आणि भार ढुंगणावर ठेवून बसायची नोजची सवय सोडा, एक पाय जरा मागे घ्या आणि जमिनीवरच्या हातावर वजन येऊ द्या, इतकं की कुणी हात काढून घेतला तर तुम्ही तोंडावर पडाल. पहिलं पाऊल वीतभरच, पण पुढे. नजर चेंडूवर, कानावर विसंबायचं नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे सेंटरकडून चेंडू घेणारा त्यांचा म्होरक्या, मुद्दाम आवाज चढवून फसवणार, आणि एक फट धरणारे नवशिके तिथेच चेंडू हलायच्या आधी निघतात, ऑफसाइड होतात आणि पाच यार्ड घालवतात.

तुमची गार्ड-सेंटर वाचायची जी नजर आहे, तिचा खरा उपयोग एका जागी होणार आहे आणि त्याबद्दल मी जरा पोटतिडकीने लिहितो, कारण इथे गुडघे जातात. आत घुसणाऱ्या लाइनमनसाठी समोरचा संघ सापळा लावतो. समोरचा गडी तुम्हाला हातही न लावता निघून जातो. वाट मोकळी दिसते, तुम्ही आनंदाने दोन पावलं आत जाता, आणि पलीकडच्या बाजूचा गार्ड आडवा धावत येऊन बरगडीत नाहीतर मांडीवर आदळतो. तरुण मुलं याला हमखास फसतात. तुम्ही अकरा वर्षं गार्डच्या खांद्याची कलती रेघ वाचलेली आहे. तो कुठे निघाला हे तुम्हाला इतरांच्या आधी कळतं. कुणीच अडवलं नाही असं जाणवलं की पुढे धावू नका. जागच्या जागी बसल्यासारखं खाली व्हा, आत वळा, आणि येणाऱ्याला खांदा द्या. हे त्या २३ वर्षांच्या मुलालाही शिकवा. तुमची जागा त्याने घेतली म्हणून त्याचा गुडघा कमी किमतीचा होत नाही.

"मला वाया घालवतायत का?" या प्रश्नामागे अजून एक समजूत आहे: ३-४ म्हणजे दोन फटी आणि ४-३ म्हणजे एक. ती तितकीशी खरी नाही. एनएफएल, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमधले प्रशिक्षक वेड फिलिप्स यांची बहुतेक कारकीर्द एक फट धरणाऱ्या ३-४ वर उभी आहे. २०११ मध्ये ते ह्यूस्टन टेक्सन्सचे बचाव प्रशिक्षक झाले, तेव्हा आदल्या वर्षी समोरच्यांना कमीत कमी यार्ड देण्यात ३० व्या क्रमांकावर असलेला तो बचाव एका हंगामात दुसरा आला. २०१७ मध्ये ते लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेले. तिथे आधीची रचना ४-३ होती आणि आरन डोनाल्ड तिच्यात नावाजलेला होता. रचना बदलली, आणि त्या वर्षीचा आणि पुढच्याही वर्षीचा सर्वोत्तम बचावपटूचा मान त्यालाच मिळाला. त्याला सांगितलेलं काम फार बदललंच नव्हतं, पाटी बदलली होती. उलट काही प्रशिक्षक लाइनमनला दीड फट देतात: एक तुझी, आणि शेजारच्या अर्ध्या फटीवर रेलून राहा. तुमच्यासारख्याची तिथे चांदी आहे. तुमच्या प्लेबुकमध्ये, म्हणजे संघाच्या चालींच्या वहीत, अशी एखादी हाक (ठरवून ठेवलेली चाल) आहे का, हे तुम्ही बघितलं आहे का?

अनुभवी खेळाडूला नव्या रचनेत नवं आयुष्य मिळाल्याची दोन उदाहरणं मला फार आवडतात. जस्टिन स्मिथ सिनसिनाटी बेंगल्समध्ये सात हंगाम ४-३ मधला एंड, म्हणजे रांगेच्या टोकाचा लाइनमन होता, चांगला, पण प्रो बोलला, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंत, एकदाही निवड नाही. २००८ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला ३-४ मध्ये गेला आणि २००९ पासून सलग पाच वेळा प्रो बोलला निवडला गेला. त्याच्या शेजारी आल्डन स्मिथ नावाचा तरुण खेळाडू क्वार्टरबॅकला पाडत सुटला होता. २०१२ मध्ये त्याचे तेरा सामन्यांत साडेएकोणीस सॅक झाले. मग जस्टिनचा दंडाचा स्नायू फाटला आणि तरुणाचा त्या हंगामातला आकडा तिथेच थांबला. तुम्हाला हे वाचून काय वाटेल ते मला ठाऊक आहे. दोन माणसं अंगावर घेणाऱ्याची किंमत अशी कळते.

दुसरा कर्ली कल्प. त्याचीही दिशा तुमच्या उलटी आहे. १९७४ च्या हंगामाच्या मध्यावर त्याला कॅन्सस सिटीहून ह्यूस्टनला पाठवलं. तिथे वेड यांचे वडील बम फिलिप्स बचाव सांभाळत होते, आणि त्यांनी बचावफळीतल्या या जुन्या टॅकलला ३-४ चा नोज केला. त्याने ती जागा अशी खेळली की २०१३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. सांगलीकराला एक सांगायलाच हवं: कॉलेजात असताना तो १९६७ चा राष्ट्रीय हेवीवेट कुस्ती विजेता होता. पकड आणि खालची बैठक त्याने आखाड्यातून आणली होती, कोणत्याही रचनेतून नव्हे.

तुम्ही विचारता, "माझ्या पद्धतीने खेळू द्या" असं सांगू का. अशा शब्दांत सांगू नका. अल्बर्ट हेन्सवर्थ टेनेसीत ४-३ मधला, बचावफळीतल्या देशातल्या अव्वल टॅकलपैकी होता. २००९ मध्ये वॉशिंग्टनने त्याच्याशी सात वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा करार केला. पुढच्याच वर्षी तिथे ३-४ आली, त्याला ती नको होती, आणि वर्षभराच्या ताणाताणीनंतर संघाने शेवटचे चार सामने त्याला निलंबित केलं. २०११ मध्ये तो संघातून गेला. इतक्या मोठ्या खेळाडूचं एक वर्ष असं गेलं याचं मला वाईट वाटतं. त्याला जे वाटलं ते वाटणं साहजिक होतं, पण वाद रचनेवरच घालत बसल्याने तो कुठेच पोचला नाही.

कोचशी वेगळं बोला. सरावाच्या गडबडीत नको, आधी फोन करून पंधरा मिनिटं मागा. ते तुमच्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहेत. विचारायला संकोच वाटत असणार, आणि पत्रावरून दिसतंय की आजवर तुम्ही काहीच विचारलेलं नाही. त्यांनाही थोराड माणसाला शिकवायचा संकोच असेल, म्हणून ते ओरडतात. त्यांना तीन गोष्टी विचारा. प्रत्येक हाकेत माझ्या मागे कोण भरतो? माझं नेमकं कोणतं पाऊल तुम्हाला अडतं, ते फिल्मवर दाखवाल का? आणि तिसरा डाव (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि एक यार्ड बाकी, किंवा गोल रेषेजवळचा प्रसंग, तिथे मधे ठाण मांडून दोन फटी धरणारा माणूस तुम्हाला हवा आहे का? तिसरा प्रश्न शेवटीच. पहिल्या दोन उत्तरांवर महिनाभर घाम गाळल्यावर त्याला वजन येतं. सामन्यातले आठ-दहाच डाव मिळाले, तरी ते सगळ्यांत अडीनडीचे डाव असतील.

संघ बदलायचा पर्यायही खुला आहे, त्यात कमीपणा नाही. व्हिन्स विलफोर्क न्यू इंग्लंडमध्ये अकरा हंगाम काढून २०१५ मध्ये, ३३ व्या वर्षी ह्यूस्टनला गेला. तिथे बचाव सांभाळत होते रोमिओ क्रेनेल, म्हणजे त्याच्या पदार्पणाच्या वर्षी न्यू इंग्लंडचा बचाव सांभाळणारेच. ओळखीच्या घरी तो दोन हंगाम खेळला आणि थांबला. तासाभराच्या अंतरावर ३-४ खेळणारा हौशी संघ असेल तर चौकशी करा. पण ती हा हंगाम संपल्यावर करा. पाच सामन्यांवरून स्वतःबद्दल निकाल लावून निघालात तर "मी मंदावलो" ही शंका त्या संघातही तुमच्याबरोबर येईल.

तुमच्या पत्नीच्या "पुरे"चा अर्थ तुम्ही "बाकावर बसण्यापेक्षा सोडून द्या" असा लावलाय. त्यांना हाच अर्थ अभिप्रेत आहे का? १४७ किलो वजन, वय ३६, आणि तुम्हीच सहज लिहिलंय की घोरण्यामुळे त्या दुसऱ्या खोलीत झोपतात. लाइनमनमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास पुष्कळ आढळतो, आणि आपल्या भारतीय शरीरात मधुमेह आणि हृदयविकार लवकर शिरतात. मंगळवारच्या आधी डॉक्टरांची वेळ घ्या: रक्तदाब, साखर, हृदय, आणि झोपेची तपासणी. नव्या जागेला २९०-३०० पौंडही पुरतील. वजन उतरवायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही, फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि सावकाश. डोक्याला मार बसल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात पाय ठेवायचा नाही, हे पत्नीसमोर कबूल करा. अहवाल घेऊन त्यांच्यासमोर बसा आणि मग विचारा, पुरे म्हणजे काय. डॉक्टरांनी नको म्हटलं तर रचनेचा प्रश्नच उरत नाही, आणि मग थांबा. लाइनमन शिकवायला माणूस हवा असतो, तुमच्या गावातल्या हायस्कूललाही.

या निमित्ताने, ज्यांची मुलं इथल्या कॉलेजांत खेळतात अशा पालकांना एक सांगतो. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) आल्यापासून मुलं दोन-तीन कॉलेजं बदलतात आणि दर वेळी नवी रचना शिकतात. फोनवर मुलगा "कोच मला बाहेर बसवतात" म्हणाला, तर कोचला नावं ठेवायच्या आधी त्याला विचारा, तुझ्या बाजूला आणि मागे कोण खेळतो? नावं पटापट आली तर काळजी करू नका.

आता मंगळवार. अर्धा तास आधी जा आणि मधल्या लाइनबॅकरलाही आधी बोलवा. कोच यायच्या आत दोघांनीच चालत चालत चार हाका करून बघा. तुम्ही एकेका हाकेला तुमच्या फटीतून पलीकडे जा, तो त्याच्या फटीत येऊन उभा राहील. मग जागा बदला. तुम्ही त्याच्या जागी उभे राहा आणि तिथून लाइन कशी दिसते ते बघा.

आणि घरी गॅरेजसमोर चेंडूला एक दहा-बारा फुटांची दोरी बांधा. तुम्ही तीन बोटं जमिनीला टेकवून बसा, नजर चेंडूवर. दोरी मुलाच्या हातात द्या. त्याने ओढली की निघायचं, दिवसाआड पंधरा वेळा. कधी ओढणार ते त्याने सांगायचं नाही, आणि खोटं ओरडून बाबांना फसवायची त्याला पूर्ण मुभा द्या.